हुकूम कोणाचा? : रेडिओवर उडणाऱ्या विमानांची जुनी इलेक्ट्रॉनिक्स

बोरिवली स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून गोराईच्या खाडीकडे जाणारा रस्ता म्हणजे गोराई रोड. बहुतेक माणसे तो धरतात ती जेट्टीवरून फेरीबोट पकडून पलीकडच्या गोराई गावात, समुद्रावर किंवा पॅगोड्याला जाण्यासाठी. याच रस्त्यावर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचे ‘आंतरराष्ट्रीय मॉनिटरिंग स्टेशन’ आहे. नाव दबदब्याचे असले तरी काम एका शब्दात सांगता येते : ऐकणे. हवेतून कोण बोलते आहे, कोणत्या वारंवारतेवर, किती जागा अडवून, परवाना घेऊन की न घेता, याची नोंद ठेवायची. कुणाच्या कामात व्यत्यय येत असेल तर तो कोणत्या दिशेने येतो हे शोधायचे. दक्षिणेला मालाडच्या मार्वे रस्त्यावर आकाशवाणीचे मध्यमलहरींचे प्रक्षेपक आहेत. म्हणजे पश्चिम उपनगरांच्या या किनारपट्टीत मोठ्या आवाजात बोलणारेही आहेत आणि कान लावून बसणारेही.

बाल्सा लाकडाच्या चार फूट पंखांच्या हौशी विमानाचा या कारभाराशी काय संबंध, असे वाटेल. संबंध कायद्याने जोडलेला होता. १९३३च्या ‘इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्ट’प्रमाणे परवान्याशिवाय बिनतारी उपकरण चालवणे तर सोडाच, नुसते जवळ बाळगणेही गुन्हा होता. घरातल्या रेडिओचे लायसन्ससुद्धा पोस्टात जाऊन काढावे लागे आणि दरवर्षी नवे करावे लागे, हे आज साठीत असलेल्यांना आठवत असेल. तो रेडिओ बिचारा फक्त ऐकणारा. विमान उडवणाऱ्याच्या हातातली पेटी तर स्वतः लहरी सोडणारी.

हा कडकपणा निव्वळ सरकारी संशयातून आलेला नव्हता. रेडिओ कंट्रोलच्या पहिल्या तीन दशकांत विमानातल्या रिसिव्हरला एक गोष्ट मुळीच कळत नसे : आलेला हुकूम आपल्या मालकाचा की परक्याचा. या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक मोठी सुधारणा ही त्या एका प्रश्नाच्या उत्तराकडे टाकलेले पाऊल आहे. ते उत्तर यंत्राला सापडेपर्यंत ती जबाबदारी माणसांनी, म्हणजे परवान्यांनी, मैदानावरच्या शिस्तीने आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी पेलली.

बोटीपासून विमानापर्यंत

दूरवर हुकूम पाठवण्याची कल्पना रेडिओइतकीच जुनी. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५च्या सुमारास कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतींपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून आणि दारू उडवून दाखवली होती. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात तारेविना छोटी बोट वळवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना पेटंट मिळाले.

बोटीचे एक बरे असते : वजन पाण्यावर पडते आणि हुकूम चुकला तरी ती बुडत नाही. विमानाला दोन्ही सवलती नाहीत. म्हणून हौशी विमानापर्यंत पोचायला आणखी चाळीस वर्षे लागली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील कॅलामाझू गावच्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली ‘गफ’ नावाचे आठ फूट पंखांचे विमान रेडिओवर उडवले. रेडिओ विल्यमने बांधला होता, विमान वॉल्टरने. ते विमान १९६०मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयात गेले.

अडचण होती वजनाची आणि विजेची. व्हॉल्व्हला दोन बॅटऱ्या लागत : तंतू तापवायला दीड व्होल्टचा सेल आणि प्लेटसाठी ४५, ६७.५ किंवा ९० व्होल्टची भरभक्कम बॅटरी. जितके व्हॉल्व्ह जास्त, तितकी बॅटरी जड. तेव्हा सगळी कसरत एकाच व्हॉल्व्हमध्ये काम भागवण्याची होती. १९३८ साली रेथिऑन कंपनीने ‘आरके-६१’ हा बोटभर लांबीचा, आत थोडा वायू ठेवलेला व्हॉल्व्ह खास रेडिओ कंट्रोलसाठी बाजारात आणला. सिग्नल नसताना त्यातून सुमारे दीड मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह वाहत राही. सिग्नल आला की तो झपकन खाली येई. त्या घसरणीवर एक नाजूक रिले सुटे आणि रिलेच्या टोकाशी पुढचे यंत्र चाले. ४५ व्होल्टवर काम भागे, पण वायू लवकर दमे, त्यामुळे व्हॉल्व्हचे आयुष्य मोजक्या तासांचेच.

एकच बटण, चार अर्थ

रिले दोनच गोष्टी करू शकतो : लागणे आणि सुटणे. उडवणाऱ्याच्या हातातही एकच बटण. एवढ्या भांडवलावर विमान डावीकडे, उजवीकडे आणि सरळ कसे न्यायचे? त्याचे उत्तर म्हणजे ‘एस्केपमेंट’. विमानाच्या पोटात लांबलचक रबराची पट्टी पीळ देऊन ठेवलेली असे. तिच्या टोकाला चार दात्यांचे फिरते चाक आणि त्या चाकाला अडवून धरणारा विद्युतचुंबकाचा खटका. बटण दाबले की खटका सरके, चाक पाव फेरा घेई आणि रडर उजवीकडे जाई. बटण सोडले की आणखी पाव फेरा, रडर मधोमध. पुन्हा दाबले की डावीकडे, सोडले की पुन्हा मध्ये. जोर रबराचा, विजेने फक्त कडी उघडायची.

क्रम ठरलेला. उजवे वळण घेऊन झाल्यावर पुन्हा उजवेच हवे असेल, तर मधले डावे चटकन ओलांडून जावे लागे. गेल्या खेपेला आपण कुठे होतो हे उडवणाऱ्याने स्वतःच्या डोक्यात ठेवायचे. त्यात विमान समोरून आपल्याकडे येत असेल तर त्याचे उजवे ते आपले डावे. शिवाय रबराचा पीळ आकाशातच संपला तर पुढचे सगळे वाऱ्यावर सोडलेले. पुढे ‘कंपाउंड’ एस्केपमेंट आले : एकदा दाबून धरले तर उजवे, दोनदा दाबून धरले तर डावे, नुसती टिचकी मारली तर इंजिनाचा वेग बदलायचा. आठवण ठेवण्याचे निम्मे ओझे यंत्राने उचलले.

मात्र मूळ प्रश्न तसाच होता. या रिसिव्हरची रचना ‘सुपर-रिजनरेटिव्ह’ प्रकारची. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९२२मध्ये जगापुढे मांडलेली ही युक्ती विलक्षण काटकसरी आहे. एकाच व्हॉल्व्हने स्वतःचा आउटपुट पुन्हा स्वतःला पाजायचा, तो स्वतःच कंप पावू लागला की लगेच दाबून टाकायचा, पुन्हा मोकळा सोडायचा, आणि असे सेकंदाला हजारो वेळा. यातून मिळणारी संवेदनशीलता एरवी चार-पाच व्हॉल्व्हना जमणार नाही. पण तिची किंमत अशी की हा रिसिव्हर आजूबाजूचा रुंद पट्टा एकदम ऐकतो. त्यातला कोणताही सिग्नल त्याला सारखाच. वर तो स्वतःही थोड्या लहरी बाहेर फेकतो आणि शेजाऱ्याच्या कानात गोंगाट करतो. म्हणजे एका मैदानात एका वेळी एकच विमान.

आपल्याकडची गोष्ट

हिंदुस्थानात एअरोमॉडेलिंग रुजले ते बव्हंशी रेडिओशिवाय. राष्ट्रीय छात्रसेनेची हवाई शाखा १ एप्रिल १९५०ला सुरू झाली ती मुंबई आणि कोलकाता येथे एकेक एअर स्क्वाड्रन उभारून. या शाखेत एअरोमॉडेलिंग हा शिक्षणाचाच भाग, त्यामुळे मुंबईच्या कॉलेजांतल्या मुलांना बाल्सा, टिश्यू पेपर आणि डोपचा वास ठाऊक झाला. पण भर होता हाताने सोडायच्या ग्लायडरवर आणि ‘कंट्रोल लाइन’वर. कंट्रोल लाइनमध्ये उडवणारा मधोमध उभा राहतो, हातात मूठ, मुठीतून निघालेल्या दोन बारीक पोलादी तारा विमानाच्या पंखात गेलेल्या, आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरते. तारेला परवाना लागत नाही. तिला परका हुकूमही ऐकू येत नाही.

रेडिओ संच परदेशातून आणायचा म्हणजे आयातबंदीच्या काळात जकात, शिवाय बिनतारी परवाना. तो परवाना १९५२ साली स्थापन झालेल्या ‘वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन’ विभागाच्या अखत्यारीत. गोराई रोडसारखी मॉनिटरिंग स्टेशने हे त्याच व्यवस्थेचे कान. घरी बांधायचा म्हटले तर सुटे भाग मिळवण्यासाठी लॅमिंग्टन रोड होता. ‘१टी४’, ‘३एस४’ असे छोटे व्हॉल्व्ह बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओत असत, आणि ट्रान्समीटरलाही तसलेच चालत. भाग मिळत; त्यांच्यातून हवेत लहरी सोडण्याची मुभा मिळणे अवघड होते.

पेटीतले सूर

१९५०च्या दशकात उत्तराच्या दिशेने पहिले खरे पाऊल पडले. नुसती रेडिओ लहर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर न थांबता त्या लहरीवर ऐकू येण्याजोगा सूर चढवून पाठवायचा, आणि कोणता सूर आला यावर हुकूम ठरवायचा. विमानात पोलादी पातळ पट्ट्यांची एक रांग ठेवलेली असे. बाजाच्या पेटीत प्रत्येक पट्टी तिच्या लांबीप्रमाणे एकाच स्वरात बोलते. इथे उलटे होते, स्वर बाहेरून येई आणि त्याच्याशी जुळणारी एकटी पट्टी थरथरू लागे. थरथरताना ती वरच्या खिळ्याला टेके आणि त्या स्पर्शातून तिचा रिले चाले. हे सूर साधारण अडीचशे ते पाचशे हर्ट्झच्या दरम्यानचे. दहा पट्ट्या म्हणजे पाच जोड्या : रडर डावे-उजवे, एलिव्हेटर वर-खाली, एलेरॉन, इंजिन आणि एलिव्हेटरचा बारीक समतोल.

यामुळे ‘मागे कुठे होतो’ ही आठवण ठेवण्याचे काम संपले. हवी ती कळ, हवे ते काम. पण कळ दाबली की रडर थेट शेवटच्या टोकाला जाई. अर्धे, पाव, किंचित असे काही नाही. कसलेले उडवणारे कळीवर टक-टक-टक अशा झटपट टिचक्या मारून सरासरीने मधली जागा साधत. सूर जुळवणे हेही एक काम होते : थंडीत, उन्हात आणि बॅटरी उतरल्यावर ट्रान्समीटरचे सूर सरकत, आणि इंजिनाची थरथर एखाद्या पट्टीच्या कंपनसंख्येशी जुळली तर विमान आपल्याच इंजिनाचा हुकूम ऐकू लागे.

त्याच काळात ‘गॅलपिंग घोस्ट’ हा गमतीचा प्रकारही होता. यात रडर आणि एलिव्हेटर उड्डाणभर फडफडतच राहत. फडफडीत उजवीकडचा वेळ डावीकडच्यापेक्षा जास्त ठेवला तर विमान सावकाश उजवीकडे वळे. फडफडीचा वेग कमी-जास्त केला तर नाक वर किंवा खाली. एकाच मार्गिकेवरून दोन नियंत्रणे, तीही हवी तितकी. दिसायला विचित्र, पण या प्रकाराच्या पोटात पुढची मोठी कल्पना लपलेली होती : हुकूम स्पंदाच्या लांबीत साठवता येतो.

दीड मिलिसेकंद

त्या कल्पनेला नीटस रूप मिळाले ते ट्रान्झिस्टर आल्यावर. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियात डग स्प्रेंग आणि डॉन मॅथीस यांनी ‘डिजिटल प्रपोर्शनल’ पद्धत उभी केली. आज जिला आपण गृहीत धरतो ती तीच.

दांडी मध्यभागी असेल तर स्पंद दीड मिलिसेकंदाचा. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दोन मिलिसेकंद. चार दांड्यांचे चार स्पंद ओळीने पाठवायचे, मग लांब शांतता, मग पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला सुमारे पन्नास वेळा. ती शांतता महत्त्वाची, कारण तिच्यावरून रिसिव्हरला कळते की मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची. पहिला स्पंद पहिल्या सर्व्होला, दुसरा दुसऱ्याला, असे वाटप रिसिव्हरमधली ट्रान्झिस्टरची साखळी करते.

सर्व्होच्या आत मोटर, दातेरी चाके आणि चाकाला जोडलेला पोटेन्शिओमीटर. आपले चाक सध्या कुठे आहे त्यानुसार सर्व्हो स्वतःचा एक स्पंद तयार करतो आणि बाहेरून आलेल्या स्पंदाशी ताडून बघतो. बाहेरचा लांब असला तर मोटर एका बाजूला फिरते, आखूड असला तर दुसऱ्या बाजूला, सारखे झाले की थांबते. वाऱ्याने रडर ढकलले तरी फरक लगेच उमटतो आणि सर्व्हो ते जागेवर आणतो. बोट जेवढे हलेल तेवढेच रडर हलेल, ही गोष्ट प्रथमच भरवशाने जमली. फिल क्राफ्ट यांनी १९६७ साली कॉर्सिकात रेडिओ विमानांचे जागतिक अजिंक्यपद जिंकले. त्यांच्या नावाच्या कंपनीचे संच पुढे जगभर गेले.

रंगीत फिती आणि चिमटे

हुकूम नेमका झाला, तरी तो कोणाचा हे ओळखण्यासाठी वारंवारताच कामाला येत होती. अमेरिकेने १९५८मध्ये २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २६.९९५पासून २७.१९५पर्यंत पाच जागा मॉडेलवाल्यांना दिल्या, २७.२५५ ही सहावी जागा आधीपासून होती. प्रत्येक जागेला रंग ठरला : तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना ही रांग लगेच ओळखू येईल, रेझिस्टरवरच्या एक ते सहा आकड्यांचे हे रंग.

या शेजारी जागा वेगळ्या ओळखण्यासाठी ‘सुपरहेट’ रिसिव्हर आणि क्रिस्टलची जोडी लागे. पिवळ्या जागेसाठी ट्रान्समीटरमध्ये २७.१४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, तर रिसिव्हरमध्ये त्यापेक्षा ४५५ किलोहर्ट्झने खालचा, म्हणजे २६.६९०चा. दोघांतला फरक कायम ४५५, आणि रिसिव्हर तेवढाच फरक उचलणार. आता सहा विमाने एकत्र उडू शकत होती. मात्र दोघांकडे पिवळा क्रिस्टल असेल आणि एकाने जमिनीवर नुसता स्विच दाबून पाहिला, तरी दुसऱ्याचे आकाशातले विमान गेलेच. म्हणून अँटेनाच्या टोकाला रंगीत फीत बांधायची आणि मैदानावर एक फळी ठेवायची. फळीवर त्या रंगाचा चिमटा असेल तर तो उचलून आपल्या अँटेनाला लावायचा, मगच संच चालू करायचा. चिमटा नसेल तर थांबायचे.

चिमट्यांच्या फळीला न जुमानणारेही होते. २७.१२ मेगाहर्ट्झभोवतीचा हाच पट्टा जगभर कारखान्यांतल्या उष्णतायंत्रांना दिलेला आहे. रेनकोटचे किंवा फाइल कव्हरचे प्लास्टिक जोडणारी वेल्डिंग मशिने याच वारंवारतेवर चालतात. शिवाय सूर्यावरच्या डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र टिपेला पोचले की २७ मेगाहर्ट्झच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परततात आणि हजारो किलोमीटरवरचा आवाज दारात येतो. १९५७-५८ची टीप तर नोंदीतली सर्वांत मोठी. अशा दिवशी परका हुकूम शेजारच्या मैदानातूनच येईल असे नव्हते. तो समुद्रापलीकडूनही येऊ शके.

२००५ आणि त्यानंतर

भारतात २००५ साली दोन दारे उघडली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, आणि त्याच वर्षी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टाही पाच वॅटच्या मर्यादेत मोकळा झाला. जुन्या पट्ट्यासाठी ही मोकळीक फार उशिरा आली, कारण रेडिओ कंट्रोल तोवर २.४ गिगाहर्ट्झकडे निघाला होता. तिथे लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, त्यामुळे दीड मीटरच्या दांडीऐवजी बोटाएवढी अँटेना पुरते. महत्त्वाचे असे की या संचांत ट्रान्समीटर स्वतःचा ओळखक्रमांक पाठवतो, रिसिव्हरला तो एकदा शिकवून ठेवायचा, आणि मग दुसऱ्या कुणाचे काहीही तो ऐकत नाही. मूळ प्रश्न इथे सुटला.

जुना संच हाती आला तर गोराईसारख्या खाऱ्या हवेत काही गोष्टी आधी पाहाव्यात. निकेल-कॅडमिअम सेल गळलेले असतात, आणि त्यांच्या ऋण टोकाची तार आतून काळी पडत स्विचपर्यंत खराब झालेली असते. ती पुसून भागत नाही, बदलावी लागते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेले असतात. रिलेच्या टोकांवरची काजळी पॉलिश पेपरने घासू नये, साध्या कागदाची पट्टी मध्ये धरून ओढावी. ‘एएफ-११७’सारख्या जर्मेनिअम ट्रान्झिस्टरच्या डबीत कथिलाचे केसाहून बारीक तंतू वाढून आतल्या आत शॉर्ट झालेला असतो. ट्रान्समीटर तपासताना अँटेनाऐवजी लहान बल्ब किंवा योग्य रेझिस्टरचा भार जोडावा. मोकळा ठेवला तर शेवटच्या ट्रान्झिस्टरवर ताण येतो. आणि डबीवर ७२ मेगाहर्ट्झ लिहिले असेल तर तो संच कपाटातच शोभतो. तो अमेरिकेतला पट्टा, आपल्या सवलतीत बसत नाही.

उडवायचेच असेल तर २०२१च्या ड्रोन नियमांत ‘मॉडेल’ विमानांना वेगळी जागा आहे : वजन २५ किलोपर्यंत, हेतू शिक्षण, संशोधन किंवा करमणूक, आणि विमान नजरेच्या टप्प्यात. पण आकाशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे, लाल विभाग आहेत, आणि गोराईच्या दक्षिणेला मार्व्याला नौदलाचा ‘आयएनएस हमला’ हा तळ आहे. मोकळा किनारा दिसला म्हणजे मोकळे आकाश मिळाले असे नाही. आधी नकाशा बघावा.

जुन्या डब्यातली एक वस्तू मात्र अजून सरळ कामाला लावता येते : सर्व्हो. आधी तारा मोजाव्यात. चार तारा असतील तर तो बॅटरीच्या मध्यबिंदूवर चालणारा सुरुवातीचा प्रकार, त्याला वेगळी जोडणी लागते. तीनच असतील आणि धन स्पंदाचा असेल, तर लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या कोणत्याही आर्डुइनो बोर्डाला तो जोडावा. रोबोट बनवणारी शाळा-कॉलेजातली मुले नऊ ग्रॅमच्या निळ्या सर्व्होला जो संकेत देतात, तो साठच्या दशकातल्या त्या कॅलिफोर्नियन संचाचाच आहे. दीड मिलिसेकंदाचा स्पंद, सेकंदाला पन्नास वेळा. दातेरी चाके शाबूत असतील तर दांडा मधोमध येऊन थांबतो.